फुली वाचायची कशी?

अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर वाचायला बंदी घातली. पंचवटीतल्या आमच्या घरात हा मोठाच प्रसंग. अण्णांनी उभी हयात नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात छपाईतल्या चुका शोधण्यात घालवली. निवृत्तीनंतर सकाळी चहाबरोबर पेपर आणि पेपराबरोबर त्यातल्या चुका, हा त्यांचा नेम. शेवटी तोड निघाली. सुट्टीला आलेली माझी भाची, सहावीतली, पेपर मोठ्याने वाचणार आणि अण्णा डोळे मिटून ऐकणार.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बातमी होती दोन पुढाऱ्यांच्या फोनवरच्या भांडणाची, क्लिप व्हायरल झाल्याची. पोरगी जोरात वाचत होती आणि एकदम अडली.

"आजोबा, इथे भ आहे, मग तीन फुल्या आहेत, मग च्या आहे. हे कसं वाचायचं?"

अण्णांनी डोळे न उघडता, भूपाळी म्हणावी इतक्या सहज, तो शब्द अख्खा म्हटला. स्वयंपाकघरात आईच्या हातातला झारा खाली पडल्याचा आवाज आला.

"अहो, पोरगी बसलीय समोर!"

"मी कुठे काय म्हटलं? छापलंय ते वाचलं."

आईला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि ते सुचेना म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. शिवी अर्धी झाकली की नेमकं काय झाकलं जातं? कुणापासून? आणि झाकलं जात असेल तर अण्णांना डोळ्यावर पट्टी असताना ती दिसली कशी?

हे समजावताना मी स्वतःपुरता एक नियम केलाय. शब्द लिहायचा असेल तर अख्खा लिहीन, नसेल तर लिहिणारच नाही. फुल्या येतील त्या फक्त नमुना म्हणून.

सुरुवात वाचण्यापासून करू. आपल्याला वाटतं की आपण एकेक अक्षर जुळवत शब्दापर्यंत पोचतो. पहिलीतलं पोर तसंच वाचतं. पण सराव झालेला माणूस अर्धी अक्षरं बघतो आणि अर्धी धरून चालतो. मेनरोडवरच्या एखाद्या जुन्या पाटीवर 'साडी सें र' एवढंच उरलेलं असतं, तरी कुणी पाटीखाली उभं राहून विचार करत बसत नाही. सीबीएसवर कंडक्टर "...बकेश्वर, ...बकेश्वर" ओरडतो, सुरुवातीचं जोडाक्षर गाड्यांच्या आवाजात विरून जातं, आणि तरीही त्र्यंबकला जाणारा माणूस बरोबर त्याच गाडीत चढतो. शब्दकोडं सोडवणारे तर याच कामात सुख मानतात. पाच चौकोन, त्यातली दोन अक्षरं उभ्या शब्दांनी दिलेली, बाकीची डोक्यात येतात. गंमत अशी की पहिल्या पानावर फुल्या घालून 'तुम्हाला कळू नये' म्हणणारा पेपर आतल्या पानावर कोडं छापून 'जमेल, प्रयत्न करा' म्हणतो. वाचक तोच असतो, डोकंही तेच.

हे किती जमतं, याचं मोजमाप फार पूर्वी झालंय. क्लॉड शॅनन हा अमेरिकन गणिती. आज फोनपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे माहिती ज्या हिशेबाने मोजली जाते तो हिशेब त्याने बसवला. १९५१ साली त्याने एक साधा खेळ मांडला. एका माणसाला न पाहिलेला इंग्रजी उतारा एकेक अक्षर करून ओळखायला लावायचा. ओळखलं तर पुढे जायचं, चुकलं तर बरोबर अक्षर सांगायचं आणि मग पुढे. उतारा अंधुक खोलीतल्या टेबलावरच्या लहानशा दिव्याच्या वर्णनाचा होता, म्हणजे मजकूर ओळखीचा वगैरे अजिबात नव्हता. मोकळ्या जागा धरून १२९ पैकी ८९ ठिकाणी त्या माणसाचा पहिलाच अंदाज बरोबर निघाला. दहातली जवळपास सात अक्षरं न बघताच!

याचं कारण असं की भाषेत गरजेपेक्षा जास्त माहिती भरलेली असते. एक अक्षर दुसऱ्याची चुगली करतं, शब्द शेजारच्या शब्दाची करतो. हा उधळेपणा नव्हे, ही भाषेची सोय आहे. ती नसती तर गोंगाटात, खराब फोनवर किंवा दात काढून आलेल्या आजोबांशी आपल्याला एक वाक्यसुद्धा बोलता आलं नसतं. फुल्या घालणारा माणूस भाषेच्या या सोयीशीच कुस्ती खेळायला उतरतो, आणि दोन-तीन अक्षरं काढून घेतली की ती चीत होईल असं समजतो.

शॅननच्या खेळातल्या माणसाला फक्त आधीचा मजकूर माहीत होता. फुल्या वाचणाऱ्याकडे तर पुढचा-मागचा दोन्ही बाजूंचा मजकूर असतो. वाक्यातला राग असतो. आणि सगळ्यात मोठी खूण फुली स्वतःच देते. मराठीत शब्द हजारो आहेत, पण रोजच्या वापरातल्या शिव्या फार तर दोन-तीन डझन. 'भ'पासून सुरू होणारा कुठला शब्द, असं विचारलं तर भाकरी, भाऊ, भगर, भद्रकाली, काहीही असू शकतं. पण 'भ' आणि नंतर फुल्या, असं दिसलं की भाकरी आणि भाऊ क्षणात बाद. उरतात दोन-तीन. म्हणजे शब्द लपवण्यासाठी जी खूण केली तिनेच शोधायचं रान एवढंसं करून टाकलं. घरात दागिने आहेत हे चोराला कळू नये म्हणून दारावर 'इथे दागिने नाहीत' अशी पाटी लावण्यातला हा प्रकार.

देवनागरीत याला आणखी एक पदर आहे. रोमन लिपीत एक फुली एकच ध्वनी झाकते. आपल्याकडे एका फुलीखाली मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर जातं. म्हणजे खरं तर आपल्या फुल्या जास्त पक्क्या असायला हव्यात. पण मराठी शिवीचं शेपूट बाहेर राहतं: च्या. हा 'च्या' म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे कुणाचा तरी कोण. मराठी शिवी बहुतेक वेळा वंशावळीत शिरते. कुणाचा मुलगा, कुणाच्या पोटचा, कुणाचा कोण. पहिलं अक्षर 'कुणाचा' ते सांगतं, शेवटचं अक्षर नातं सांगतं आणि मधल्या फुल्या नुसत्या आंतरपाटासारख्या उभ्या राहतात. पलीकडे कोण उभं आहे हे सगळ्या मांडवाला ठाऊक असतं.

बीपचं गणित थोडं वेगळं, पण निकाल तोच.

टीव्हीवर शिवीच्या जागी जो 'पीं' वाजतो तो साधारण एक हजार हर्ट्झचा सपाट सूर असतो. १९७० साली रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. ध्वनिमुद्रित केलेल्या एका इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी त्याने कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. वीस जणांना ते ऐकवून विचारलं, काही गाळलंय का? एकोणीस जण म्हणाले, काहीच नाही. वाक्य पूर्ण आहे, पाठीमागे कुणीतरी खोकलं एवढंच. म्हणजे नसलेला ध्वनी त्यांना प्रत्यक्ष ऐकू आला होता. अंदाज केला असं नव्हे, ऐकू आला. खोकल्याऐवजी तिथे नुसती शांतता ठेवली तर मात्र लोकांना खळगा जाणवतो.

हे घरी करून बघता येतं. कुणाला तरी 'गोदा' म्हणा, मध्ये खोका, मग 'री' म्हणा. समोरचा गोदावरीच ऐकतो. आपल्या कानामागे बसलेला मेंदू हा वाड्यातल्या जुन्या सुतारासारखा आहे. तुळई तुटलेली दिसली की कुणी न सांगता ठोकून मोकळा होतो. म्हणजे आवाजाने झाकलेला तुकडा मेंदू जास्त सफाईने भरतो, आणि आपण टीव्हीवर शिवी झाकायला नेमका आवाजच वापरतो. त्यात बीप बहुतेक वेळा पहिलं व्यंजन निसटल्यावर सुरू होतो आणि शेवटच्या 'च्या'आधी संपतो. ओठ तर दिसतच असतात. ते कळलं तेव्हापासून काही वाहिन्या ओठही धूसर करायला लागल्या, त्यामुळे आता माणूस नुसती शिवी देत नाही, काहीतरी भयंकर करताना पकडल्यासारखा दिसतो.

फुली आणि बीप नुसते निकामी असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते निरागस जागी घाणही तयार करतात. हे वाक्य वाचा: "काकूंनी सगळ्यांसमोर माझ्या ××× लिंबू पिळलं." मूळ शब्द होता 'मिसळीवर'. गंगापूर रोडच्या कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी रविवारी सकाळी हे घडतं आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. दुसरं: "आजोबा रोज गंगेवर जाऊन आपली ××× धुतात." मूळ शब्द 'पंचपात्री'. (बाहेरगावच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) तुमच्या मनात जे आलं ते मी लिहिलेलं नाही. ते तुमचं तुम्ही आणलंत. फुलीचं सगळं कर्तृत्व या एका गोष्टीत आहे: ती शब्द पुसत नाही, तो म्हणायचं काम वाचकावर ढकलते. लिहिणाऱ्याचे हात स्वच्छ, तोंड वाचणाऱ्याचं.

आता फुल्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण अख्खा शब्द आणि त्याची आडून केलेली सूचना यांत काहीच फरक नसतो असं म्हणणं खोटं ठरेल. ब्रिस्टल विद्यापीठातल्या जेफ्री बॉवर्स आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पिअर्स यांनी २०११ मध्ये लोकांना इंग्रजी शिव्या मोठ्याने म्हणायला लावल्या, मग त्यांची सोज्वळ रूपं, म्हणजे 'एफ-वर्ड' वगैरे, आणि मग अगदी साधे शब्द. हाताला सूक्ष्म घाम फुटला की त्वचेतून वीज किंचित जास्त वाहते. ती त्यांनी मोजली. अख्ख्या शिवीला शरीर जास्त हललं, सोज्वळ रूपाला कमी. दोन्हींचा अर्थ म्हणणाऱ्याला पूर्ण ठाऊक असूनही.

म्हणजे वीज शब्दाच्या अर्थामध्ये नाही, त्या ध्वनीत साठलेली आहे. इंग्लंडमधल्याच कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये लोकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितला होता. शिवी देत राहणाऱ्यांनी तो साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ ठेवला. (याबद्दल त्यांना २०१० मध्ये गमतीचं इग नोबेल मिळालं, शांततेचं.) पुढे २०२० मध्ये त्यांनी दोन बनावट शिव्या तयार केल्या, 'फाऊच' आणि 'ट्विझपाइप'. ऐकायला झणझणीत, पण बर्फाच्या पाण्यात त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. कसा होणार? 'फाऊच' म्हटल्याबद्दल लहानपणी कुणी थोबाडीत मारलेली नव्हती. शिवी चार्ज होते ती त्या थोबाडीत मारण्याने, आईच्या झारा पडण्याने, वर्गात पसरलेल्या शांततेने. आमच्या भाचीच्या डोक्यात तो शब्द त्या सकाळी चार्ज झाला, आणि तो अण्णांमुळे नाही, झाऱ्यामुळे.

मग फुल्या ही वीज उतरवतात की नाही? ब्रिस्टलच्या प्रयोगात सोज्वळ रूप म्हणजे वेगळा शब्द होता, जिभेवर वेगळा ध्वनी येत होता. 'भ×××च्या' मोठ्याने म्हणायला कुठलाही वेगळा ध्वनी नाही. फुलीला उच्चार नाही. ती बघितली की मनातल्या मनात जो ध्वनी उमटतो तो मूळ शब्दाचाच. म्हणून माझं मत असं की शिवी खरंच सौम्य करायची असेल तर दुसरा शब्द लागतो, भोकं पाडलेला पहिला शब्द चालत नाही.

आणि हे दुसऱ्या शब्दाचं काम मराठीने फुल्या यायच्या कितीतरी आधी करून ठेवलंय. 'च्यायला' घ्या. हे होतं 'तुझ्या आईला', आणि पुढे जे क्रियापद येणार होतं ते आपण कधीच टाकून दिलं. मग 'तुझ्या'ही झिजलं, 'आई'चा नुसता ठसा राहिला. आज दुधाचं पातेलं उतू गेलं की माझी आईसुद्धा "च्यायला" म्हणते, ज्या आईच्या हातून झारा पडतो तीच. 'आयला', 'मायला', 'च्यामारी' ही सगळी त्याच कुळातली. इथे क्रियापद गळालं आणि लोक ते विसरले. फुलीत शब्द गळतो, पण विसरायची मुभा नसते. उलट आठवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही.

अशुभ शब्द टाळायची तर आपली पद्धतच फार जुनी आणि फार देखणी आहे. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. रात्री साप म्हणत नाहीत, लांबडं किंवा जनावर म्हणतात. अंगावर फोड आणून माणसं मारणाऱ्या रोगाला घाबरून त्याचं नावच देवी ठेवलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उखाण्याचा एक अख्खा वाङ्मयप्रकार उभा राहिला. यात कुणी 'सा×' किंवा 'दुकान बं×' असं म्हटलं नाही.

या पर्यायी शब्दांची एक अडचण मात्र आहे. ते टिकत नाहीत. परसाकडे जाणं होतं, मग संडास आला, तो मळला म्हणून शौचालय, मग टॉयलेट, आता वॉशरूम. प्रत्येक शब्द आला तेव्हा सोवळा होता. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने याला ट्रेडमिलची उपमा दिलीय: चालत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही, कारण घाण शब्दाला चिकटलेली नसते, वस्तूला किंवा आपल्या नजरेला असते आणि नवा शब्द आला की ती तिकडे सरकते. 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं तरी बसमधल्या राखीव जागेवर बसलेला धडधाकट माणूस उठतोच असं नाही.

फुल्या नसलेल्या काळातला एक नमुना सांगण्याचा मोह आवरत नाही. शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले गधेगाळ नावाचे दगड महाराष्ट्रात जागोजागी सापडतात. (यादवांची सुरुवातीची राजधानी आपल्या सिन्नरची.) राजाने जमीन दान दिली की तसा दगड रोवायचा. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान चालावं. मध्ये मजकूर. आणि हे दान जो मोडेल त्याला शेवटी एक शिवी. मुंबईच्या परळला मिळालेला बाराव्या शतकाच्या अखेरीचा शिलालेख यासाठी प्रसिद्ध आहे: "तेहाची माय गाढवें झविजे." दान मोडणाऱ्याच्या आईशी गाढवाने संग करावा, असा राजाज्ञेतला मजकूर. आणि ज्याला वाचता येत नाही त्याची गैरसोय नको म्हणून अशा दगडांवर खाली तेच चित्रही कोरलेलं असतं. 'शिवीगाळ' मधला 'गाळ' तो हाच, गाळ म्हणजे शिवी.

राजाला शिवी झाकायची नव्हती, कारण तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं. पोलिस ठाणं नसलेल्या माळावर जमिनीची राखण ती शिवी करत होती. तिथे कुणी हुशार लेखनिकाने 'गाढवें झ×××' कोरलं असतं तर राजाने त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली असती.

पण त्याच दगडाकडे जरा जास्त वेळ बघितलं की हसू मावळतं. दान मोडणार पुरुष, शिक्षा त्याच्या आईला. आठशे वर्षांत यात काही बदललेलं नाही. आणि इथेच मला फुल्यांवरचा माझा खरा आक्षेप सापडला. पेपरात छापलेली झाकलेली शिवी पुन्हा बघा. पुष्कळदा ती अशी असते: 'आई×××'. झाकलं काय, तर क्रियापद. उघडं काय ठेवलं, तर आई. ज्या बाईचा त्या भांडणाशी संबंध नाही, जी कदाचित तेव्हा घरी भाजी निवडत बसलीय, तिला भर चौकात ओढून आणलं जातं. आणि सभ्यतेची काळजी घेणारा संपादक तिला तशीच उघड्यावर ठेवून अक्षरांवर पदर ओढतो.

जिथे फुल्या पोचतच नाहीत त्या जागा तर आणखी बोलक्या. "हातात बांगड्या भरल्यात का?" हे वाक्य मथळ्यात, ठळक टायपात छापून येतं, बांगड्यांच्या फोटोसकट. अर्ध्या लोकसंख्येचा अपमान, एकही फुली नाही. जातीचं नाव थुंकल्यासारखं उच्चारलं की जो घाव बसतो त्याला फुली लागत नाही, कारण कोशात तो शब्द शिवी नाहीच. उलट कॉलेज रोडच्या कट्ट्यावर दोन जिवलग मित्र एकमेकांना 'भ'ची बाराखडी ऐकवत गळ्यात पडतात, तिथे कुणाचाच अपमान झालेला नसतो. तोच शब्द द्वारका चौकात आरसा घासून गेलेल्या रिक्षावाल्याला दिला तर हाणामारी. शिमग्याला तर बोंब मारून शिव्या द्यायची जुनी मोकळीकच होती. आणि नाशकात रंगपंचमीला जुन्या गावातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या दगडी हौदात, धप्पकन उडी मारणारे एकमेकांना काय काय म्हणतात ते ऐकून कुणी रागावल्याचं मी पाहिलं नाही. मराठीत आपण शिवी 'देतो'. देणं म्हटलं की घेणारा आला, प्रसंग आला, सूर आला. अक्षरं हा त्यातला सगळ्यात लहान हिस्सा, आणि फुली फक्त तेवढ्याशीच खेळते.

कायदा या बाबतीत पेपरांपेक्षा शहाणा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (जुनं २९४) सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा अश्लील बोलण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. कलम ३५२ मुद्दाम अपमान करून शांतताभंग घडवायला चिथावण्याबद्दल आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ केली तर लागतो. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच: कुठे, कुणाला, कशासाठी. एका वेबमालिकेतल्या शिव्यांवरून खटला झाला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निकालात लिहिलं होतं की तो भाग दालनात इअरफोन लावून पाहावा लागला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. शिवराळ म्हणजे अश्लील नव्हे. त्या शब्दांचा मूळ अर्थ लैंगिक असला तरी माणसं ते राग आणि वैताग ओकायला वापरतात, असा त्याचा मथितार्थ.

मग छापणाऱ्याने करावं काय? दोन सरळ वाटा आहेत. नेमका शब्द महत्त्वाचा नसेल तर तो पूर्ण काढावा. जुन्या बातमीदारांचं "अर्वाच्य शिवीगाळ केली" हे वाक्य बातमी म्हणून परिपूर्ण आहे आणि भाचीला ते वाचताना अडायची वेळ येत नाही. लोकसभेतही हेच करतात. नियम ३८० खाली अध्यक्ष शब्द कामकाजातून काढून टाकतात आणि नियम ३८१ प्रमाणे त्या जागी फुल्या आणि खाली तळटीप येते, की अध्यक्षांच्या आज्ञेवरून वगळलं. पहिलं अक्षर नाही, शेवटचा प्रत्यय नाही. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला तिथे काय होतं ते त्या पानावरून कळणार नाही. ही खरी फुली. आणि शब्द महत्त्वाचा असेल, म्हणजे मंत्र्याने नेमकं काय म्हटलं यावरच वाद असेल, तर अख्खा छापावा. अधलंमधलं जे चालतं ते सोवळ्यातल्या माणसाने विटाळाची वस्तू काठीने सरकवावी तसं. वस्तू हलते ती हलतेच, पण बोट लागलं नाही याचं समाधान. फुली वाचकासाठी नसतेच, ती छापणाऱ्याच्या सोवळ्यासाठी असते.

एका जागी मात्र ती खरोखर फसवते: यंत्राला. समाजमाध्यमांवर शिवी गाळणारी चाळणी अक्षरं जुळवते, माणूस ओळखत नाही, म्हणून लोक मुद्दाम एखादं अक्षर बदलून तिच्या डोळ्यात धूळ फेकतात. आणि ती चाळणी भोळी असली की भलतंच अडवते. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एका इंटरनेट कंपनीचं खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावातच चार अक्षरांची एक शिवी दडलेली होती. चटणी रोमनमध्ये इंग्रजी वळणाने लिहून बघा, पहिली चार अक्षरं वाचा, म्हणजे मिसळवाल्यांनाही हा धोका का आहे ते कळेल.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांना वाचायची परवानगी दिली. त्यांनी त्या दिवशीचा ताजा पेपर बाजूला ठेवला आणि रद्दीतून आठवड्याचा गठ्ठा काढला. न वाचलेल्या चुका राहून गेल्या होत्या. तासाभराने त्यांनी भाचीला हाक मारली. समोर तीच क्लिपची बातमी होती आणि हातात भिंग.

"तू त्या दिवशी तीन फुल्या म्हणालीस. नीट मोज."

तिने मोजल्या. "तीनच आहेत, आजोबा."

"तेच म्हणतोय मी. भ आणि च्या यांच्या मध्ये दोनच अक्षरं येतात. एक फुली जादा छापलीय." त्यांनी लाल पेनाने तिसरी फुली काटली आणि समासात खूण केली.

भाची बोटांवर अक्षरं मोजू लागली. ओठ हलत होते.

"काय मोजताय गं?" आईने आतून विचारलं.